बायांनी लावले रोडगे

मी न्हाणीत पडले, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर माझा लेक म्हणेल, आई लिहायला बसली आणि मुख्य तेवढं गाळून गेली. तर पडले. साबणाचं पाणी सांडलेलं होतं, पाय सटकला आणि उजवं मनगट मोडलं. दुपारची वेळ. उठायला हात टेकावा तर नेमका तोच मोडलेला, म्हणून मी भिंतीला पाठ लावून तिथेच बसून राहिले. बरंच बसले. मग मागच्या दाराने माझी चुलत जाऊबाई विरजण मागायला आली, घरात मी दिसेना म्हणून तिने न्हाणीत डोकावलं आणि मला पाहिलं.

लेकाच्या मते सगळी गोष्ट इथून सुरू होते. माझ्या मते ती इथे संपली. दारव्ह्याला जाऊन हाताला प्लास्टर घातलं, पुढे ते निघालं, हात पुन्हा भाकर थापायला लागला. झालं की. पण लेक नागपूरहून आला तो पिशवीत एक पांढरं डबडं घेऊन. त्याने स्टूल ओढलं, चुलीच्या समोरच्या भिंतीला दोन स्क्रू पिळले आणि ते डबडं तिथे बसवलं. तो कॅमेरा होता.

"आता मी तिकडून तुला पाहू शकतो, आई," तो म्हणाला. "बोलूही शकतो. तुला काही दाबायची गरज नाही."

मला वाटलं, बरं आहे, लेकाचा जीव आहे आपल्यावर. आणि आहेच. त्यात खोट काढणारी मी नाही. नवरा गेल्यापासून मी या घरात एकटी राहते. वावर बटईने दिलंय, त्यात कापूस आणि तूर असते. बोरी अरबचा बाजार करते, आल्या-गेल्याला चहा ठेवते. लेक आणि सूनबाई नागपूरला दोघंही नोकरीला. त्यांना काळजी वाटणार. पण काळजीला तोंड फुटलं आणि ती भिंतीतून बोलायला लागली, की काय होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी चुलीवर भाकर टाकत होते. गॅस आहे माझ्याकडे, पण भाकर मी चुलीवरच करते. गॅसवरच्या भाकरीला चव नसते, हे मी कोणाला पटवून देत बसत नाही. भाकरीचा पापुद्रा सुटला, त्यावर मी कच्चं तेल, तिखट आणि मीठ घातलं आणि पहिली कोर मोडून उभ्याउभ्याच तोंडात टाकली. हे माझं लग्नाच्या आधीपासूनचं सुख आहे. सासुरवाशीण असताना ते चोरून घ्यावं लागायचं. सासूबाई गेल्या, मुलं मोठी झाली, आणि कुठे आता ते उजागरीने मिळायला लागलं होतं. तेवढ्यात भिंत बोलली.

"आई, चूल कशाला पेटवली? आणि वरून तेल कशाला घेते?"

माझ्या हातातली कोर खाली पडली. मांजराने नेली.

मग ते रोजचंच झालं. चहात दुसरा चमचा साखर गेली की, "आई, साखर." फळीवरची लोणच्याची बरणी काढायला पाटावर चढले की, "आई, उतर आधी." दुपारी जरा जमिनीवर लवंडले की, "आई, पडली का?" म्हणजे बसले तर का बसली, उठले तर का उठली. मी सासू पाहिली, नणंदा पाहिल्या, पण त्यांच्या नजरेतून सुटायला निदान परसात जाता तरी यायचं.

पण हे सगळं मी सोसलं असतं. लेकाचं बोलणं आहे, ऐकून घ्यायचं आणि आपलं करायचं. मला लागलं ते वेगळंच, ते सांगते.

माझ्या स्वयंपाकघरात दुपारी बाया बसतात. आजच्या नाहीत, मी या घरात आले तेव्हापासूनच्या. जेवणं आटोपली, भांडी घासून झाली की जाऊबाई मागच्या दाराने येते, मग गल्लीतल्या आणखी तीन-चार. फरशी गार असते. कोणी तूर निवडायला घेऊन येते, कोणी लसूण सोलायला. मी काळा चहा ठेवते, भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा मध्ये ठेवते. कोणी केस मोकळे सोडते, कोणी पाय लांब करते, कोणी ब्लाउजचं वरचं बटण काढून पदराने वारा घेते. कोणाची सून कशी, कोणाचा नवरा काय म्हणाला, कोणाला कुठे गाठ आली, कोणाला रात्री झोप का येत नाही. एखादी रडून घेते. रडून झालं की तिलाच चिडवतात आणि ती हसते. संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ झाली की पदर झटकून सगळ्या आपापल्या घरी. मी उभ्या जन्मात एवढीच चैन केली. सोनं नाही, तीर्थ नाही, फक्त ही दुपार.

कॅमेरा लागला तेव्हा सगळ्या तो पाहायला आल्या. जाऊबाईने डोक्यावरून पदर घेतला आणि मान वर करून विचारलं, "हा काय तो?"

"हाच."

"आता पाहून राह्यला काय तुहा लेक?"

"नाई. हपिसात हाय तो."

"मंग हपिसातले बी पाहात असतीन."

"त्याइले काय काम नाई का दुसरं?" मी म्हणाले. "बस तू."

बसल्या बाया. पण कशा, तर फोटो काढायला बसतात तशा. पाय आत घेऊन, पदर सारखा करून. एकजण केस सोडणार होती, तिने पुन्हा बांधले. एकीची सुनेची गोष्ट आदल्या दिवशी अर्धी राहिली होती. मी म्हटलं, पुढे काय झालं सांग, तर ती भिंतीकडे पाहून म्हणाली, "सून चांगली हाय माही. काई तक्रार नाई."

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला, "काकू, नमस्कार. बऱ्या आहात ना सगळ्या?"

लेकाने चांगल्या मनानेच विचारलं होतं. मोठ्यांना नमस्कार करावा हे मीच त्याला शिकवलं. पण बाया अशा उठल्या, जसा पाहुणा दारात आला आणि अंगावर फाटकं लुगडं आहे. एकीचा चहा सांडला. जाऊबाई चपला हातात घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी मागच्या दारात जाऊन हाका मारल्या. जाऊबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "आज डोकं दुखून राह्यलं वो." तिचं डोकं कधी दुखत नाही. त्या आठवड्यात गल्लीभर सगळ्यांचीच डोकी दुखली. मी एकटीच चहा ठेवायची, एकटीच प्यायची. शेंगदाणे डब्यात मऊ पडले.

मग मी कॅमेऱ्यावर फडकं टाकलं. पातेलं उतरवायचं जाडं फडकं, ते काठीने वर सरकवून बरोबर त्याच्या तोंडावर बसवलं. बरं वाटलं. भाकर खायला बसले. दोन घास झाले नसतील तर जाऊबाई पीठभरल्या हातांनी धावत आत आली.

"हायेस ना बाप्पा तू? तुह्या लेकाचा फोन आलता. म्हणते, माह्या मायले काय झालं पाहा, सगळं काळं दिसून राह्यलं."

"काळं नाई, फडकं हाय," मी म्हणाले. "जेवतं का?"

तिने वर पाहिलं, फडकं पाहिलं आणि खाली बसून हसली. हसता हसता तिने माझ्या भाकरीचा तुकडा मोडला. पण रात्री लेकाचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजात हसू नव्हतं.

"आई, असं चालणार नाही. मी मीटिंगमध्ये होतो, माझे हातपाय गार पडले. तुला तिथे एकटीला ठेवायचं तर कॅमेरा उघडा पाहिजे. नाहीतर तू इकडे चल. दोन्हीपैकी एक ठरव."

मागून सूनबाई म्हणाली, "आई, तुमची खोली तयार आहे हो. बाल्कनी पण आहे." ती गुणाची आहे, मनापासून म्हणाली. मी त्यांच्याकडे राहून आलेय. वरच्या मजल्यावरचं घर, लिफ्ट आहे, सगळं आहे. दुपार मात्र नाही. दुपारी तिथे सगळी दारं बंद असतात आणि आतून टीव्हीचे आवाज येतात.

मी फडकं काढलं. हरले म्हणून नाही. थोडा विचार करायला वेळ हवा होता म्हणून.

त्याच सुमारास गावातल्या बाप्यांचे रोडगे लागले. आता रोडगे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कणीक जाडसर दळायची, ओवा-मीठ घालून घट्ट भिजवायची, एकावर एक तेल लावलेल्या पोळ्या ठेवून त्याचा गोळा वळायचा आणि तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. राख झटकली, फोडला, वरून तूप घातलं आणि सोबत वांग्याची भाजी असली की माणूस उठत नाही. तूर निघाली की आमच्याकडे वावरावावरात रोडगे लागतात. लावतात ते बाप्येच. बाया रोडगे लावत नाहीत, अशी रीत. आता ही रीत कशी आहे ते पाहा. गोवऱ्या थापल्या बायांनी. गहू निवडून दळून आणला बायांनी. वांगी तोडली बायांनी. भाजीचे गंज, म्हणजे मोठी पातेली, घासून दिली बायांनी. मग बाप्ये वावरात गेले, काडी लावली, आणि गावभर झालं की आज अमक्याने रोडगे लावले. बाया जातात त्या शेवटच्या पंगतीला, नाहीतर घरी डबा येतो. डब्यातला रोडगा कसा असतो ते ज्याने खाल्ला त्यालाच माहीत. दगड मऊ म्हणावा. मी लग्न झाल्यापासून तोच खाल्लाय. निखाऱ्यातून काढल्या काढल्या फोडलेला, वाफ निघणारा रोडगा मी एकदाही खाल्ला नव्हता.

माझे चुलत दीर, म्हणजे जाऊबाईचे मालक, गावातले रोडग्यांचे मोठे जाणकार समजले जातात. सकाळी ते दारावरून जात होते.

"वयनी, डबा पाठवतो संध्याकाळी."

"नका पाठवू भाऊजी."

"काहून? तब्येत बरी नाई काय?"

"तब्येतीले काय झालं. आमचे आम्ही लावतो आता."

ते थांबले. "बाया कुठी रोडगे लावतात का वयनी?"

"काहून, गोवरीले समजते का कोन फुंकून राह्यलं थे?"

ते हसत गेले. कुंपणाआड जाऊबाई होती, तिने सगळं ऐकलं. मागच्या दाराने आत आली, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि अगदी हळू विचारलं, "खरंच लावतं?"

मी तोवर नुसतं बोलण्यात बोलले होते. पण तिने असं विचारल्यावर माझ्या डोक्यात लख्ख झालं. वावरात भिंत नाही. भिंत नाही तर कॅमेरा नाही.

"लावते," मी म्हणाले. "माह्या वावरात, आंब्याखाली. सगळ्या बाया. बाप्या एक नाई."

ज्या बायांची डोकी दुखत होती त्या सगळ्यांची एका दिवसात थांबली. ठरल्या दिवशी सकाळीच निघालो. कोणाच्या डोक्यावर कणकेचं घमेलं, कोणाकडे वांगी. एका घरच्या नव्या सुनेने स्कूटीवर पुढे गोवऱ्यांचं पोतं आणि मागे सासू बसवली. निघताना मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले आणि स्पष्ट सांगितलं, "मी वावरात चालली. संध्याकाळी येईन." फोन चुलीजवळच्या फळीवर ठेवून दिला. आता लेकाने त्या वेळी पाहिलं नाही, तर त्याला मी काय करू?

आंब्याखाली जागा झाडली. गोवऱ्या रचल्या, तुराट्या घालून पेटवल्या. मी या गावात इतकी वर्षं लांबून पाहत आले होते, मला वाटलं यात काय आहे. जाळ चांगला उठला आणि आम्ही रोडगे त्यात सोडले. बाईचा हात जाळावरच शिकलेला असतो. चूल म्हटली की जाळ, जाळ कमी झाला की फुंकणी. आम्हीही फुंकल्या. शिवाय आमच्यातली एकही गप बसेना. एक काठीने रोडगा उलटवते, दुसरी म्हणते जळला गं, तिसरी बाहेर काढून दाबून पाहते, चौथी परत आत टाकते. सगळ्यांचे हात सारखे त्या आगीत. शेवटी बाहेर काढले तर वरून कोळसा आणि आतून कच्ची कणीक.

पहिला घाणा कुत्र्यालाही देता येईना. जाऊबाई म्हणाली, "आता हे घरी गेल्यावर मले वर्षभर ऐकवतीन." ते खरं होतं. तिचे मालक बाहेर निघालेच असतील, धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, डोकावायला. आणि माझं काय होणार ते मला दिसत होतं. लेक म्हणेल, वावरात आगीशी खेळत होती, आता चल नागपूरला. गाव म्हणेल, बाया आपल्या घरातच बऱ्या. दोन्ही बाजूंनी माझं दार लागणार होतं.

मी आठवायला लागले. बाप्ये नेमकं काय करतात? जाळ विझू देतात. निखारे पसरतात. रोडगे ठेवतात, वरून गरम राख ओढून झाकून टाकतात. आणि मग? मग ते पत्ते खेळतात. एकजण आडवा होऊन तोंडावर टोपी घेतो. कोणी पाहायलासुद्धा जात नाही.

"बायांनो," मी म्हणाले, "आपल्याले बसता येत नाई, हे चुकून राह्यलं."

तर दुसरा घाणा तसा केला. जाळ पूर्ण पडू दिला, निखारे सारखे केले, रोडगे ठेवले, राखेने झाकले. नवी सून काठी घेऊन पुढे झाली तर जाऊबाईने तिच्या हातातून काठी काढून घेतली आणि आपल्या मांडीखाली दाबून ठेवली. मग आम्ही बसलो. पहिल्यांदा फार जड गेलं. हात कुठे ठेवावे समजेना. एकीने तर वाळलेली पानं गोळा करायला सुरुवात केली, तिला ओढून बसवलं. बाप्ये इतके छान रोडगे का लावतात ते मला त्या दिवशी उमगलं. त्यांना आयुष्यभर बसायची सवय असते.

मग हळूहळू पाय लांब झाले. एकीने केस सोडले. जिच्या सुनेची गोष्ट अर्धी राहिली होती तिने ती पुढे सांगायला घेतली, आणि ती गोष्ट अशी निघाली की जाऊबाई हसून हसून मांडीखालच्या काठीवरून घसरली. दुसरीने सांगितलं की तिला छातीत गाठ लागते आहे आणि घरी कोणाला सांगितलेलं नाही. तेव्हा तिथेच ठरलं की सोमवारी तिच्यासोबत यवतमाळच्या दवाखान्यात कोण जाणार. हे तिने माझ्या स्वयंपाकघरात भिंतीसमोर कधी सांगितलं नसतं. माझी दुपार मला आंब्याखाली सापडली, एवढं मी सांगते. आणि राखेत आमच्याविना रोडगे आपोआप भाजत होते.

काढले तेव्हा बदामी रंगाचे, टणक, वर भेगा पडलेले. फडक्याने राख पुसली. मी पहिला माझ्या हाताने फोडला. आतून वाफ निघाली, तूप घातलं तर ते पदरापदरात जिरलं. खाल्ला.

आम्ही दुसरा फोडतच होतो तेवढ्यात धुऱ्याच्या पलीकडे गाडी थांबली, दार आपटलं, आणि कापसाच्या वाळल्या पराट्या तुडवत आमच्या धुराच्या रोखाने कोणीतरी पळत यायला लागलं. "माय," तो ओरडत होता. "माय."

नागपूरला गेल्यापासून लेक मला आई म्हणतो. माय हे लहानपणचं. मी वळून पाहिलं तर हपिसाचे बूट मातीने भरलेले, चेहरा पांढरा.

"काय झालं रे?"

"मले वाटलं तू पडली." त्याला दम लागला होता. "घर मोकळं दिसून राह्यलं. तुझा फोन फळीवर वाजताना दिसत होता. काकूचा फोन लागेना. गल्लीत एकबी जण फोन उचलेना."

"उचलणार कोन, सगळ्या इथं हायेत. मी सांगून निघाली होती की."

"कोणाले?"

"तुह्या कॅमेऱ्याले."

जाऊबाईने तोंडाला पदर लावला. लेकाने बाहीने कपाळाचा घाम पुसला. मला त्याची दया आली, खोटं का बोलू. पण मी उठले नाही.

"बस तिकडे धुऱ्यावर," मी म्हणाले. "पयली पंगत बायांची हाय. आमचं झालं की तुले वाढते."

तो बसला. इकडे आमची पंगत सावकाश चालली, कोणी घाई केली नाही. त्याने शेजारी पडलेला पहिल्या घाण्यातला काळा रोडगा उचलून विचारलं, "हे असे काहून झाले?"

"दर घडीले उलथून पाहत होतो ना," जाऊबाई म्हणाली. "म्हणून."

त्याने तो रोडगा खाली ठेवला.

शेवटी त्याला वाढलं. तळाचा उरलेला, थंड झालेला, डब्यातल्यासारखा. त्याने फोडायला जोर लावला, मग गुडघ्यावर आपटला. "हा तुमच्या वाट्याले येते होय दरवर्षी?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "खाऊन पाहा." खाल्ला त्याने पूर्ण. मग खाली पाहतच म्हणाला, "माय, त्या दिवशी काकू विरजणाले आली नसती, तर?"

हा प्रश्न त्याला रोज रात्री पडत असणार, ते मला दिसलं. म्हणून मी सरळ उत्तर दिलं.

"नसती आली तर मी तिथंच बसून राह्यली असती. पण आली ना? काहून आली? रोज येते म्हणून आली. तू थे डबडं लावलं अन् ती यायची थांबली. आता मी पडली तर तू नागपुरातून पाहशील. चांगलं स्पष्ट पाहशील. पण उचलायले कोन येईन, थे सांग मले."

त्याने जाऊबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाबू, आम्ही लुगड्यातल्या बाया. भिंतीसमोर नाई बसता येत आमाले."

संध्याकाळी घरी आलो. त्याने स्टूल ओढलं, मी ते धरलं, आणि त्याने स्क्रू सोडले. खाली उतरून डबडं हातात धरून उभा राहिला.

"बाहेर लावू? दारावर?"

"नाई."

"मग याचं काय करू?"

"घेऊन जा. तुह्या स्वयंपाकघरात लाव. म्हणजे मी इकडून पाहीन, साखर किती घेता थे."

फोनवर सूनबाई ऐकत होती. ती म्हणाली, "आई, तेवढं नका हो करू," आणि आम्ही तिघंही हसलो.

मी काहीच मानलं नाही असं नाही. न्हाणीत त्याने जाड रबरी चटई टाकून दिली, ती मी ठेवली आहे. ती काही बोलत नाही, पायाखाली गप पडून राहते. फोन मी आता कमरेच्या पिशवीत ठेवते. उचलायचा की नाही ते माझं मी ठरवते. आणि सकाळी अंगणात सडा पडलेला दिसला नाही की जाऊबाई विरजण हवं असो नसो, आत येते. तसं आमचं बोलून ठरलंय.

दुसऱ्या दुपारी बाया आल्या. बसायच्या आधी प्रत्येकीने भिंतीकडे पाहिलं. तिथे दोन भोकं होती. एकीने तूर निवडायला पसरली, एकीने केस सोडले. मी चुलीवर चहा ठेवला, माझ्या चहात साखरेचे दोन चमचे घातले.

परवा भाऊजी दारावरून जाताना थांबले. म्हणाले, "वयनी, तुमचे रोडगे चांगले झालते म्हणे. पुढच्या बारीले आमाले बोलवता का?"

"येजा," मी म्हणाले. "गोवऱ्या घेऊन येजा, गंज घासून आणजा. अन् वांगे निवडून. लावू आम्ही."

"अन् पंगतीले?"

"पयली पंगत झाली की हाक मारतो."